चंदनसार कंट्रोल

११ मे २०२५

अखेर अँटेना गच्चीवर चढली. तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये फळ्यावर अँटेना काढल्या, त्यांची गणितं सोडवून घेतली, पेपर तपासले. पण पाइपला क्लॅम्प आवळून एक तरी स्वतः उभी करण्याची ही पहिलीच वेळ. इथे लिहायला हरकत नाही. रेडिओ क्लबात कुणाला हे सांगितलेलं नाही.

दांड्यांची लांबी मी मिलिमीटरपर्यंत काढून दिली होती. जयवंत करवत चालवता चालवता म्हणाले, "पातं स्वतःच दीड मिलिमीटर खातं, ते धरलंस का?" धरलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेल्या नवऱ्याने हे विचारावं याचा राग आला, पण शिडी त्यांनीच धरायची होती, म्हणून गप्प बसले.

मीटर लावलं. आपण वर पाठवलेल्या शक्तीतली किती परत खाली येते ते हे मीटर सांगतं. एक म्हणजे काहीच परत येत नाही, उत्तम. दोनच्या पुढे गेलं की काहीतरी बिघडलंय. माझं एक पॉइंट सहा आलं. कागदावर एक पॉइंट दोन होतं. चुकतंय ते मीटरच असणार.

नऊला रविवारचा नेट. वसई-विरारचे आम्ही सगळे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्या वेळी एकाच चॅनेलवर येतो, आणि जितेश आमच्या दोन गल्ल्या पलीकडून एकेकाला बोलवतो. जितेश माझा विद्यार्थी. तोच कशाला, क्लबातली निम्मीअधिक मंडळी माझ्याच हाताखालून गेलेली. ज्याने त्याने दुसऱ्याचा आवाज कसा येतो ते सांगायचं, आणि पैकीच्या पैकी म्हणजे फाइव्ह नाइन. सगळ्यांनी मला फाइव्ह नाइन दिला. एकटा पापडीचा मार्सेल म्हणाला, फाइव्ह सेव्हन. तो बावीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. वर मला सल्लाही दिला, दांड्यांना खोबरेल चोळा, आवाज गोड होतो. माणूस थट्टा करतोय की खरंच तसं मानतो हे कळेना. खरंच मानतो, असं नंतर जितेश म्हणाला.

२० जुलै

पावसाने गच्चीची वाट लावली आहे. अँटेना मात्र खणखणीत. आज मीटरवर एक पॉइंट तीन. मी हात लावलेला नाही. धातू ऊनपाऊस खाऊन स्थिरावतो, त्याचाच हा परिणाम असावा. नेटवर मी पंधरा मिनिटं हे समजावून सांगितलं.

हजेरी घटली आहे. जितेश तेवढा स्वच्छ बोलतो, बाकीच्यांची नुसती कुजबुज येते. मुलांना सुरुवातीला उत्साह असतो, मग हळूहळू आवाज खाली जातात. वर्गातही हेच बघितलं.

१७ ऑगस्ट

एक पॉइंट एक! कागदावरच्या आकड्यापेक्षाही चांगलं. जयवंतना खाली बोलावून मीटर दाखवलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. ते बघून म्हणाले, छान, आणि मग नेट चालू असताना शेजारी बसून राहिले. संपल्यावर विचारलं, "तू बोललीस की जितेश तुझं सगळं वाक्य पुन्हा का म्हणतो?" नेट चालवणाऱ्याची ती पद्धत असते, असं सांगितलं. ते म्हणाले, इतरांचं तर तो पुन्हा म्हणत नाही. मी म्हटलं, इतर सांगतात तरी काय पुन्हा म्हणण्यासारखं!

थोड्या वेळाने मार्सेलचा फोन आला. "मॅडम, खरं सांगू का? मना काय पन ऐकू येत नाय. नुसती खरखर येते. महिना झाला." मी त्याला मीटरचा आकडा सांगितला. तो म्हणाला, मीटर ठेवा बाजूला, माझा कान सांगतोय. मग मात्र माझा तोल गेला. जहाजावरची जुनी डबडी वाजवणं वेगळं आणि शास्त्र वेगळं, असं बोलून गेले, खोबरेलाचंही काढलं. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "बरं मॅडम." फोन ठेवला, पुन्हा उचलला, परत ठेवला. पण चुकीचं काय बोलले?

२४ ऑगस्ट

नेट. मार्सेलतर्फे जितेशने सांगितलं की अंकल फाइव्ह नाइन म्हणतात. पटलं म्हणायचं.

१२ ऑक्टोबर

सातिवलीला जितेशच्या कारखान्यात बैठक झाली. तो तिथे ट्रान्सफॉर्मर बनवतो. १६ नोव्हेंबरला तुंगारेश्वरच्या डोंगरात धावण्याची स्पर्धा आहे. आत जंगलात मोबाइलला रेंज नाही, म्हणून आयोजकांनी क्लबाकडे मदत मागितली. आमची माणसं हातातले रेडिओ घेऊन वाटेवर जागोजाग उभी राहणार आणि एक कंट्रोल स्टेशन सगळ्यांचं ऐकणार. कुणी पडलं, कुणाला चक्कर आली, तर तिथून हाक कंट्रोलला जायची आणि कंट्रोलने पायथ्याशी स्ट्रेचर, अँब्युलन्स हलवायची. म्हणजे कंट्रोलला ऐकू आलं नाही तर आतल्या माणसाला वाली नाही.

सगळ्यांनी मार्सेलकडे बघितलं. त्याच्या अंगणात उंच खांब आहे. मी पिशवीतून कागद काढला. आमच्या चंदनसारपासून डोंगरापर्यंतचं अंतर, वाटेत होणारी घट, शिल्लक राहणारी ताकद, सगळं मांडून नेलं होतं. गरजेच्या कितीतरी पट ताकद उरते. शिवाय माझं मीटर एक पॉइंट एक. इथे कुणाचं तेवढं आहे, असं विचारलं. जितेशने मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, मॅडमच करतील कंट्रोल. मार्सेल "चालेल" म्हणाला आणि चहाचं काय झालं ते विचारू लागला.

निवृत्त झाल्यापासून कुणी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं.

८ नोव्हेंबर

जितेश आणि विनिता चाचणीसाठी डोंगरात जाऊन आले. विनिता क्लबातली सगळ्यात नवी. मी म्हटलं होतं, गणित झालंय, कशाला पायपीट करता. तरी गेले. ठरल्या वेळी मी हाका मारत बसले. त्यांचा आवाज आला नाही. त्यांच्या हातातले रेडिओ स्वस्तातले आहेत.

संध्याकाळी जितेश एकटा घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, "थोडं दबकं येतं मॅडम. मार्सेल अंकलना जोडीला ठेवू या का, नुसतं ऐकायला?" मी कागद पुन्हा काढला, एकेक ओळ दाखवली, कुठे चूक दिसते का विचारलं. तो कागदाकडे बघत राहिला. तोंडी परीक्षेत उत्तर येत नसलं की हा असाच टेबलाकडे बघायचा. शेवटी म्हणाला, नाही मॅडम, बरोबर आहे. मी म्हटलं, मग जोडीला कुणी कशाला? माझ्यावर भरवसा नाही असा त्याचा अर्थ होतो. त्याने चहा संपवला आणि गेला. बिस्किटाला हात लावला नाही.

१६ नोव्हेंबर

पहाटे उठून आंघोळ केली, नीट साडी नेसले. घरात बसून रेडिओवर बोलायला साडी कशाला म्हणून जयवंत हसले. तरी नेसले.

निघण्याआधी जितेशने घरून हाक दिली, "चंदनसार कंट्रोल, चंदनसार कंट्रोल." अंगावर काटा आला. त्यानंतर तो पायथ्याशी गेला आणि चॅनेल शांत झालं. अधूनमधून किंचित खुट्ट व्हायचं, तेवढंच. मी थोड्या थोड्या वेळाने सगळ्या चौक्यांना हाक मारत राहिले. उत्तर नाही. सांगण्यासारखं काही घडत नसेल, तर उगाच कोण बोलेल? मुलांना मीच शिस्त लावली होती, कामाशिवाय चॅनेल अडवू नका.

मध्ये एकदा मनात आलं, खरंच कुणाला माझं ऐकू येतंय ना? मीटर बघितलं. एक पॉइंट एक. जितेशला फोन करावा का असं वाटत होतं, तेवढ्यात त्याचाच आला. मागे गलका होता, तो धापा टाकत होता. म्हणाला, इकडे सगळं ठीक चाललंय, तुम्ही बसून दमला असाल, थोडा आराम करा मॅडम. मी म्हटलं, मी इथून हलणार नाही. दुपारी स्पर्धा संपल्याचा निरोप आला, तोही फोनवर.

पोर असावं तर असं. एवढ्या धावपळीत मला आराम करा म्हणाला. क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कुणी एक शब्द लिहिला नाही. दमले असतील.

२३ नोव्हेंबर

हे कसं लिहू कळत नाही. पण लिहिते.

विरारला एका हॉलमध्ये स्पर्धेचा समारोप होता. निमंत्रण होतं, गेले. पुढच्या रांगेत बसवलं. आयोजकांचे गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, उमेळ्याचे हरेश्वर नावाचे एक शेतकरी धावताना ओढ्याच्या खडकावरून पडले, डोक्याला मार, पाय मोडला, शुद्ध हरपत होती. पण चंदनसार कंट्रोलने हाक ऐकली, स्ट्रेचर हलवलं, आणि आज ते जिवंत आहेत. मग माझं नाव घेतलं.

डोंगरात कुणी पडलं होतं, हे मला तिथे त्या खुर्चीत कळलं.

टाळ्या वाजत होत्या. कुणीतरी कोपराला धरून उठवलं. मी स्टेजवर गेले. तेव्हाही सांगता आलं असतं, एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? हसले. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. दोन शब्द बोला म्हणाले, तर बोललेसुद्धा: रेडिओ म्हणजे शेवटी गणित असतं, गणित पक्कं असलं की यंत्र दगा देत नाही. हे मी, या तोंडाने, माइकवर बोलले.

खाली जितेश बुटांकडे बघत होता. मार्सेल मोठमोठ्याने टाळ्या वाजवत होता. उतरले तर एका बाईंनी वाट अडवली. हरेश्वरची बायको, हंसा. माझ्या दोन्ही हातांवर कपाळ टेकवलं त्यांनी. म्हणाल्या, "तुमच्यापायी मानूस घरी आला बाई." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. देवा, पाठीवरून हात फिरवला मी.

जयवंत रिक्षात म्हणाले, कमाल आहे, तू मला काहीच बोलली नाहीस. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

२४ नोव्हेंबर

सकाळी गच्चीवर गेले. अँटेनाला जिथे केबल जोडली होती, तिथे मी मे महिन्यात चिकटपट्टी गुंडाळली होती. पुस्तकातल्या आकृतीत केबल अँटेनाला टेकते, एवढंच असतं. आकृतीवर पाऊस पडत नाही. पट्टी सुटून लोंबत होती. केबल खाली घेऊन कापली, वाकवली, तर पाण्याचे थेंब पडले. आतलं तांबं काळं पडलं होतं. दोन हात खाली पुन्हा कापली, तिथेही काळं.

पायरीवर बसून राहिले. सगळं लख्ख समजलं, आणि समजलं हेच सगळ्यात वाईट. पाणी शिरलेली केबल शक्ती वाटेतच गिळते. वर काही पोचत नाही, म्हणून खाली काही परत येत नाही. मीटरला तेवढंच दिसतं, काही परत येत नाही, उत्तम! केबल जितकी कुजत गेली तितका आकडा सुधारत गेला आणि मी जयवंतना बोलावून दाखवत होते. येणाऱ्या आवाजांचंही तेच झालं. मुलांचा उत्साह वगैरे काही नाही, माझ्या केबलमध्ये पाणी.

आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. केबल खराब असताना मीटर खोटा चांगला आकडा का दाखवतं, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं परीक्षेत काढला आहे. पाच मार्कांना. उत्तर न लिहिणाऱ्यांना नापास केलं आहे. थिअरी कुठेच चुकली नव्हती, तिच्यावर खापर फोडायची सोय नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझी तर केबलही कोरडी नव्हती.

२५ नोव्हेंबर

सातिवलीला गेले. जितेशने कामगारांना बाहेर पाठवलं आणि दार लोटलं. मी कापलेली केबल टेबलावर ठेवली. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

कधीपासून, असं विचारलं. जुलैपासून म्हणाला. त्याचं घर जवळ म्हणून त्याला माझं पुसट ऐकू यायचं. तो ते पुन्हा म्हणायचा, आणि ते ऐकून सगळे मला फाइव्ह नाइन द्यायचे. चाचणीच्या दिवशी डोंगरात माझा एक शब्द पोचला नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने मार्सेलला गाठलं, की स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून ऐकत बसा. मार्सेलने एकच अट घातली होती, मॅडमना कळू देऊ नको, वाईट वाटेल त्यांना. चंदनसार कंट्रोल म्हणून दिवसभर पापडीहून मार्सेलच बोलला.

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस ना रे."

"सांगायलाच आलो होतो मॅडम. तुम्ही कागद काढलात." मग समजूत घालावी तसं म्हणाला, "गणित बरोबरच होतं."

ग्रुपवर सगळे गप्प कसे होते तेही विचारलं. तो अवघडला. स्पर्धेसाठी दुसरा ग्रुप केला होता म्हणाला. मी नसलेला.

मला त्याचा राग येईना. तोंडी परीक्षेत माझ्याशी वाद घालणाऱ्यांना मी कसे मार्क दिले आणि मान डोलावणाऱ्यांना कसे, हे मला आठवतंय, त्यालाही आठवत असणार. अँटेना शिकवताना मी या मुलांना आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तीच त्यांना पक्की आली. एक माणूस डोंगरात मेला असता, तरी त्यांनी मला फाइव्ह नाइनच दिला असता. लाज या शब्दाचं वजन मला आजवर माहीत नव्हतं. जेवण गेलं नाही. जयवंतना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शाल परत करून ये.

७ डिसेंबर

शाल आयोजकांची होती, पण हातांवर कपाळ हंसाबाईंनी टेकवलं होतं, म्हणून ती घेऊन आधी उमेळ्याला गेले. हंसाबाई मिठागराच्या बाजूला शेतात राहतात. मला बघून त्यांची धांदल उडाली, खुर्ची झटकली, पाणी आणलं, शेजारणीला हाक मारून सांगितलं की त्या बाई आल्यात, रेडिओवाल्या. हरेश्वर आतल्या खोलीत खाटेवर पडलेले, पायाला प्लास्टर, डोक्याला पट्टी.

वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती एका दमात म्हटली. माझं यंत्र बंद होतं, मी काही ऐकलं नाही, मी काही केलं नाही, स्टेजवर मी खोटी उभी होते, ही शाल माझी नाही.

हंसाबाई ऐकत होत्या. मग शेजारणीकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "बघ, मोठी मानसं असंच बोलतात." आणि मला म्हणाल्या, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता, चहा टाकते.

मी पुन्हा सांगितलं. केबल, पाणी, मीटर, सगळं. त्या मान डोलवत राहिल्या. वर्गात मागच्या बाकावरची मुलं डोलवायची तशी नाही, अगदी मनापासून, देवळात कीर्तन ऐकावं तशी. जितकं जास्त सांगत होते तितकी मी त्यांच्या नजरेत आणखी वर जात होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आतून हरेश्वरनी हाक मारली. "हंसा, त्यांना पुन्हा बोलू दे. जरा मोठ्यानं."

मी दारात जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, कसे आहात आता?

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "ही नव्हं. बाई नव्हतीच. बाप्या होता."

हरेश्वर सांगू लागले. विनिता त्यांच्या कानाशी रेडिओ धरून बसली होती. डोळे मिटत होते, गोड झोप येत होती, आणि त्या डब्यातून एक माणूस शिव्या घालत होता. झोपलास तर बघ म्हणत होता. शेतात काय लावलंय विचारत होता, वांगी म्हटलं की वांग्याला शिव्या घालत होता. स्ट्रेचर येईपर्यंत थांबला नाही. शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला होता, तरी बोलत होता. "रडत होता वाटतं तो," हरेश्वर म्हणाले. "तुम्ही वळखता त्याला?"

मी म्हटलं, ओळखते. पापडीला राहतात, मार्सेल त्यांचं नाव. एवढं बोलून खाली बसले. न विचारता कुणीतरी माझ्याबद्दल खरं सांगितलं होतं, मी वाद घातला नव्हता, आणि इतकं हलकं वाटलं की त्याचीही लाज वाटली.

हंसाबाईंनी चहा दिला, पण आता त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. निघताना मी शाल खाटेवर ठेवली होती, ती त्यांनी उचलून माझ्या हातात दिली. "आमी ठेवून काय करू? ज्याची त्याला तुमीच नेऊन द्या," म्हणाल्या. रागाने नाही.

रिक्षा केली. रिक्षावाल्याला आधी पापडी सांगितलं होतं. मार्सेलच्या गल्लीच्या तोंडाशी नाताळचा कंदील टांगायचं काम चाललं होतं. तो शिडीवर उभा होता, खाली उभ्या असलेल्या पोरांवर ओरडत होता, तार ओढा, अजून ओढा. आवाज रस्त्यापर्यंत स्पष्ट येत होता. रिक्षावाल्याने वेग कमी केला आणि विचारलं, इथेच ना?

मी म्हटलं, नाही, सरळ स्टेशनला घ्या.